खाली सही कुणाची?

कोपरखैरणेतल्या माथाडी वसाहतीत फिरलं की घराकडे बघूनच कुटुंबाचं वय कळतं. खालची खोली सिडकोच्या काळातली, तिच्या डोक्यावर थोरल्याच्या लग्नाला चढवलेली एक, त्यावर धाकट्यासाठी पत्र्याची. माणसं वाढली तशा खोल्या वाढल्या. विजेची तार मात्र खालच्याच मीटरवरून ओढत ओढत वर गेली. या घरांतले कर्ते पाटण, जावळीकडून आले आणि आधी मशीद बंदरला, मग वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर गोण्या वाहून म्हातारे झाले. त्यांची मुलं, भाचे आता आयटीआयचा दाखला प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून ठाणे-बेलापूर रस्त्यावर काम शोधत फिरतात.

पुढचं बोलणं कुण्या एका घरातलं नाही. अशा घरांत रविवारी जेवणं झाल्यावर जे कानावर पडतं, ते इथं एका मामाच्या आणि एका भाच्याच्या तोंडी घातलं आहे. मामा 63 वर्षांचे, मसाला बाजारातले निवृत्त माथाडी. भाचा 23 वर्षांचा, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा, तीन महिने बिनकामाचा. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात अशी मामींची तक्रार होती, म्हणून त्याला जेवायला बोलावलं होतं.

भाचा : (फ्रिजच्या दाराला टेस्टर टेकवून) मुंग्या येणारच, मामी. दिवा पेटतोय बघा. बॉडीत करंट आलाय.

मामा : म्हंजी फ्रिज गेला?

भाचा : फ्रिजचं नंतर बघू. (मेन बंद करून बोर्डचे स्क्रू काढतो) खरी गडबड इथं आहे. ही हिरवी वायर अर्थिंगची. कुठं जोडलेलीच नाही, नुसती वेटोळं करून आत कोंबलीये. करंट गळला तर त्याला जमिनीत उतरायला वाट लागते. इथं वाटच नाही, म्हणून तो मामीच्या हातातून उतरतोय. कुणी केलं होतं हे वायरिंग?

मामा : हुता गल्लीतला एक पोरगा. निम्म्या पैशात करून दिलं त्यानं.

भाचा : निम्म्या पैशात करणारा सगळ्यांना सापडतो, म्हणून नीट करणारा घरी बसतो.

मामा : ताई तर म्हणत हुती, आता बसणार न्हाय म्हणून. हत्यारं देऊन टाकतूस म्हणं कुणाला तरी?

भाचा : एका मित्राला. क्रिंपिंग टूल, मेगर, सगळं. परवा डिलिव्हरीचा आयडी मिळाला. बाइक आहेच. पेट्रोल जाऊन सातशे-आठशे सुटतात म्हणतात पोरं. आठवड्याला पैसे खात्यात. कुणा सुपरवायझरच्या मागं फिरायला नको.

मामा : आरं, दोन वर्सं आयटीआय केलंस ते ह्याच्यासाठी?

भाचा : तुम्हाला वाटतं काम नाही म्हणजे कारखाने बंद पडले. तेवढंच नाही. महापे, रबाळे, ऐरोलीला जाऊन बघा, क्रेन उभ्या आहेत. डेटा सेंटरं बांधतायत. एकेका इमारतीला आख्ख्या गावाला पुरेल एवढी वीज लागते. मी अकरा महिने होतो अशा एका साइटवर. केबल ट्रे ठोकायचे, केबल ओढायची, ग्लँड बसवायची, लग्ज दाबायचे. तीनेकशे माणूस होता. पॅनल चार्ज झाले, पेढे वाटले, आणि ठेकेदार म्हणाला, सोमवारपासून नको. आता ती इमारत चालवायला पाळीला किती माणसं लागतात? बोटांवर मोजा. यूपीएस, जनरेटर, चिलर बघणारी. तीही देखभालीच्या दुसऱ्या ठेकेदाराची, आधीचा अनुभव असलेली.

मामा : आमच्या मेव्हण्यानं ह्याच रस्त्यावर एका कंपनीत फिटर म्हणून सव्वीस वर्सं काढली.

भाचा : कारण तेव्हा इथं रसायनाचे, इंजिनिअरिंगचे प्लँट होते. तिथं रोज काहीतरी तुटायचं. मोटर जळायची, पंप गळायचा, वाफेची लाइन फुटायची. म्हणून मेंटेनन्स खातं कायम ठेवावं लागायचं, आणि त्या खात्यात आयटीआयवाला लागायचा. काचेच्या इमारतीत माणूस ठेवत नाहीत, वर्षाचा करार देतात.

मामा : आणि इमानतळ? आता तर इमानं उडाय लागली.

भाचा : 25 डिसेंबर 2025 पासून. तिथं पहिला हक्क प्रकल्पग्रस्तांचा, आणि तो बरोबरच आहे, जमिनी त्यांच्या गेल्या. तेही अजून नोकऱ्यांसाठी भांडतायत. आपण तर साताऱ्याहून आलेले.

मामा : त्यांनी तरी सुखासुखी काय घेतलं न्हाय. जानेवारी 1984 मधे जमिनीच्या लढ्यात पुढारी दि. बा. पाटलांच्या मागं गावंच्या गावं रस्त्यावर आली हुती. गोळीबारात पाच माणसं गेली. त्याच्यानंतर साडेबारा टक्के जमीन परत द्यायचं कबूल झालं. एकट्यादुकट्यानं अर्ज करून ह्या शहरात कुणाला काय मिळालेलं मी तरी बघितलं न्हाय.

भाचा : मग मला काय सांगता? मोर्चा काढू?

मामा : मोर्चाचं म्होरं बघू. मी तुला एकच इचारतो. ही डिलिव्हरी तू तीन वर्सं केलीस असं धर. तीन वर्सांनी तुज्या हातात तुज्या नावाचं काय असंल?

भाचा गप्प बसला. मग त्याने उलट विचारलं तो प्रश्नही तितकाच खरा होता.

भाचा : आणि ती तीन वर्षं खायचं काय, मामा? तुम्ही म्हणाल महावितरण. 2023 च्या शेवटी विद्युत सहाय्यकाच्या 5,347 जागा निघाल्या. अर्ज भरला, आणि नुसत्या परीक्षेची वाट बघण्यातच वर्ष उलटलं. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं मानधनावर. रेल्वेचं तेच. पोरं क्लास लावून बसलीत, वय निघून चाललंय. पक्क्या नोकरीची वाट बघणं हीसुद्धा एक बेकारीच आहे, फक्त तिला घरचे नावं ठेवत नाहीत.

मामा : पक्की नोकरी मला तरी कुठं हुती? मी 79 साली मशीद बंदरला आलो. कुठल्या शेठचा नोकर म्हणून माजं नाव कुठं न्हवतं. आज ह्या गाळ्यावर, उद्या त्या. गोणी शंभर किलोची. पण माजा नंबर हुता. टोळीचा नंबर, बोर्डात नोंद. शेठ बदलला, गाळा बदलला, बाजार मुंबईतनं हितं आला, नंबर त्योच.

मामांच्या या नंबरामागे 1969 चा माथाडी कायदा आहे. बिगारी काम करणाऱ्याला कुणी मालक नसतो, ही त्या कामाची मूळ अडचण. कायद्याने मालक शोधत बसण्याऐवजी मधे एक मंडळ, म्हणजे मामांचा तो बोर्ड, उभं केलं. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. गोण्या उतरल्या की व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही भरतो. मजुरी टोळीतल्या माणसांना मिळते; लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, बोनस, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना चालतो. काम रोज बदलणारं, पण नोंद कायमची. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि त्या रेट्यातून हे झालं. मजुराकडे ना शिक्षण होतं, ना दाखला.

भाचा : हेच मी म्हणतोय. तुमच्याकडे कसब नव्हतं, नंबर होता. माझ्याकडे कसब आहे, नंबर नाही. तुम्ही कष्टाळू होता म्हणून तुमचा संसार झाला असं घरात सगळे सांगतात. कष्टाळू मीही आहे. तुमच्या पाठीशी कायदा होता.

मामा : (थोडं थांबून) खरं हाय. पण त्यो कायदा काय आभाळातनं पडला न्हवता.

भाचा : आणि पडला तरी सगळ्यांवर पडला नाही. आता टोळीत बाहेरचा पोरगा शिरू शकतो का? वारसाचा नंबर लागतो. माथाडीच्या नावावर साइटवर येऊन पैसे मागणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. 2023 मध्ये सरकारनं कायदा बदलायचं विधेयक आणलं तेव्हा तेच कारण पुढं केलं. आणि बाजारातही पहिल्यासारखा माल कुठं येतो? 2016 ला फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, गाड्या परस्पर दुकानात जायला लागल्या.

मामा : नासकी माणसं शिरली, न्हाय म्हणत न्हाय. काम बी कमी झालं. म्हणून तर माज्या पोराला मी टोळीत घातला न्हाय. पण तू एक ध्येनात घे. 82 च्या संपात मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाख माणसांकडं पक्की नोकरी हुती. मालकानं गिरणी बंद केली आणि त्यांच्या हातात काय ऱ्हायलं न्हाय. आमच्याकडं पक्की नोकरी न्हवती, पण नोंद एका शेठच्या खिशात न्हवती. म्हणून मी तुला नोकरी कर म्हणत न्हाय. नोंद कुठं हुतीया ते बघ म्हणतो.

इथे दोघांचं भांडण बदललं. आतापर्यंत ते नोकरी की डिलिव्हरी असं चाललं होतं. आता मामा एकेक वाट घेऊन तिला तोच प्रश्न लावायला लागले, आणि भाचा प्रत्येक वाटेवरचे खड्डे दाखवायला लागला.

मामा : ते ठेकेदाराकडचं अकरा म्हैन्याचं काम. त्याचा कागद हाय?

भाचा : नाही. हजेरीचे फोटो आहेत मोबाइलमध्ये. अनुभवाचा दाखला मागितला तर म्हणाला, बघू. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायलाच लागतं. पण ते मागणारा मी एकटा पडलो तर दुसऱ्या दिवशी गेटवर माझं नाव नसतं.

मामा : बरं, ॲप्रेंटिस?

भाचा : त्या वर्षात विद्यावेतन मिळतं, त्यात घर चालत नाही. कायद्यानं ॲप्रेंटिस हा कामगारच नसतो, शिकाऊ असतो. वर्ष संपल्यावर घ्यायलाच पाहिजे असंही नाही. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ठरावीक टक्के ॲप्रेंटिस ठेवावेच लागतात, म्हणून काही जण स्वस्तातले हात म्हणून ठेवतात.

मामा : पण वर्सानं कागद तुज्या नावाचा?

भाचा : हो. राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. आणि रेल्वेत ॲप्रेंटिस केली तर लेव्हल एकच्या भरतीत वीस टक्के जागा त्या पोरांना राखीव असतात.

मामा : आखातात जायचं म्हणत हुतास मागं.

भाचा : पगार बरा असतो. दहावी झालेल्याला इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागत नाही. पण एजंट लाख-दीड लाख मागतात. नोंदणी असलेल्या एजंटला तीस हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, हे मला माहीत आहे. पण एवढ्यात पाठवतो म्हणणारा अजून भेटला नाही. 2024 ला राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी करार केला, त्यात इलेक्ट्रिशियन आहेत. त्याला आधी जर्मन भाषा शिकायची. मला इंग्रजीतला ड्रॉइंगचा कागद वाचताना घाम फुटतो.

मामा : भाषा शिकलास तर ती तुज्या नावाची. एजंटला दिलेलं लाख त्याच्या नावाचं.

भाचा हसला. मग पहिल्यांदाच स्वतःहून एक गोष्ट बोलला.

भाचा : एक वाट आहे, पण तिला लोक करिअर म्हणत नाहीत. तारतंत्रीचा परवाना. ऊर्जा खात्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. आयटीआय आणि अनुभवाचा दाखला लागतो. त्याच्यावर पर्यवेक्षकाचा परवाना, आणि पर्यवेक्षक असल्याशिवाय विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती मिळत नाही. तुम्हाला माहितीये, नवीन मीटर घ्यायचा तर टेस्ट रिपोर्ट लागतो? काम आम्ही करतो. मेगर आम्ही मारतो. रिपोर्टवर शिक्का ठेकेदाराचा. या भागात शंभर पोरं वायरिंग करतात, शिक्का चार-पाच जणांकडे. सगळा पैसा त्या शिक्क्यात आहे.

मामा : मग हे बोलायला तुला एवढा येळ का लागला?

भाचा : कारण यात नोकरी लागल्याचा फोन येत नाही. आईला काय सांगू? परवाना काढला? ती विचारणार, पगार किती?

मामा : पुढच्या पायरीला काय लागतं?

भाचा : डिप्लोमा असला तर चढण सोपी. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे दोन वर्षं. पण दिवसाचं कॉलेज. रात्री कमवायचं तर तीच डिलिव्हरी.

मामा : मग कर की डिलिव्हरी! मी कुठं न्हाय म्हणतो? पोट भरायला बाइक चालव. पण हत्यारं देऊन टाकू नगंस. बाइकनं आजचं भागंल आणि हातानं नाव हुईल. दोन्ही एकाच वक्ताला लागतंय.

भाचा : नाव झालं तरी काम कोण देणार? सोसायटीचा चेअरमन ओळखीचा माणूस बघतो.

मामा : काम कसलं हाय बाजारात ते सांग. ते तुला माझ्याहून कळतं.

भाचा : सोलर. 2024 ला पीएम सूर्यघर योजना आली. घराला तीन किलोवॅटला 78,000 पर्यंत अनुदान. ते सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडं बंगले कुठं? आपल्याकडं सोसायट्या. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठीसुद्धा अनुदान आहे, किलोवॅटला 18,000. वाशी-नेरूळच्या जुन्या सोसायट्यांची मीटर रूम बघितलीत तर तुम्हाला घाम फुटेल. आता त्याच वायरिंगवर प्रत्येक घरात दोन एसी आणि खाली गाडी चार्ज करायचं. ती सगळी वायरिंग कधीतरी बदलावीच लागणार. काम आहे, मामा. दाराशी पोचायला कागद नाही, आणि एकट्याला एवढं मोठं काम कुणी देत नाही.

मामा : एकट्याला.

भाचा : हो, एकट्याला. माझ्या बॅचचे माझ्यासकट सहा जण आहेत. एक पाइप बेंड करण्यात उस्ताद, एक एसीचं करतो, एकाला पॅनल कळतात. सगळे वेगवेगळ्या ठेकेदारांकडे तुटक तुटक. आणि एकमेकांचा रेट पाडतात. तुमच्या घरचं वायरिंग निम्म्यात करणारा तो पोरगा आमच्याच आयटीआयचा असेल.

मामा : आम्ही पन्नास किलोच्या वरची गोणी उचलणार न्हाय म्हणून भांडलो, तवा पयली अट हीच हुती की टोळीतल्या कुणी शंभराची उचलायची न्हाय. एकानं उचलली की सगळ्यांची पाठ गेली. सहा जण हायत म्हणतूस. मग टोळी का न्हाय बांधत?

भाचा : इलेक्ट्रिशियनची टोळी?

मामा : नाव काय बी दे.

नाव आहे. सुशिक्षित बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्था महाराष्ट्रात नोंदवता येतात, आणि सरकारी कार्यालयांची छोटी कामं अशा संस्थांना निविदेशिवाय देण्याची तरतूद आहे. भांडवलासाठी अण्णासाहेब पाटलांच्याच नावाचं महामंडळ आहे, 1998 चं. मराठा तरुणाने व्यवसायाला 15 लाखांपर्यंत बँकेचं कर्ज काढलं आणि हप्ते वेळेवर भरले तर व्याज महामंडळ परत करतं. हमालांच्या पुढाऱ्याचं नाव हमालांच्या मुलांच्या धंद्याच्या कर्जावर असावं, यात योगायोग कमी आणि हिशेब जास्त आहे. पण बँकेच्या दारात ठेवायला कागद लागतात, आणि एकट्या कारागिराकडे तेच नसतात.

भाच्याला हे सगळं पटलं असं नाही.

भाचा : मामा, टोळी बांधली आणि सहातले दोघं उद्या आखातात गेले तर? आमच्यातला एखादाच पुढं जाऊन ठेकेदार झाला आणि बाकीच्यांना मजुरीवर ठेवलं तर? माझी पिढी एका जागी टिकत नाही. तुमच्या टोळीत सगळे एका तालुक्यातले, एका बोलीचे, सोयरेधायरे. माझ्या बॅचमध्ये एक उत्तर प्रदेशचा, एक आगरी, एक मराठवाड्याचा.

मामा : आमच्यात बी टोळीचा मुकादम पैसं खायचा. भांडाभांडी हुयाची. टोळी म्हंजी काय देऊळ न्हाय. पण आजारी पडलो तवा माजी पाळी दुसऱ्यानं धरली. तुजी कोण धरतंय?

उत्तर दोघांकडेही नव्हतं. मामींनी चहा ठेवला. भाच्याने हिरवी वायर सोलून ठेवली, तिला टेप लावली, आणि मामींना सांगितलं की फ्रिज आज बंदच राहू दे. मागच्या मोरीच्या बाजूला खड्डा खणून रॉड घालावा लागेल, तिथून तार वरपर्यंत नवीन आणावी लागेल. मेनवर गळती पकडणारा आरसीसीबी बसवावा लागेल. तीन मजल्यांचं वायरिंगच खरं तर बदलायला हवं.

मामा : मग बदल. काय खर्च येतो ते लिहून दे. घरचा म्हणून कमी लिवू नगंस. परक्याला लिवतूस तसं लिव.

भाच्याने मामांच्या नातवाच्या वहीचं मधलं पान काढलं. वायरचे मीटर, स्विचेस, एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंगचा रॉड, खड्ड्याची मजुरी. मजुरीच्या ओळीशी त्याचा पेन थांबला. आधी एक आकडा लिहिला, खोडला, मोठा लिहिला. हे त्याला आयटीआयमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मामांनी चष्मा लावून कागद खालपर्यंत वाचला.

मामा : खाली सही कुणाची?

भाचा : काम आमचं. पण कायद्यानं सही परवाना असलेल्या ठेकेदाराची लागते. एक ओळखीचा आहे, तो टक्केवारी घेऊन करून देईल.

मामा : ह्या येळी त्याची घे. मामीला शॉक बसतोय, तुज्या परवान्यापर्यंत थांबून चालायचं न्हाय. पण त्याला म्हणावं, सहीबरोबर ह्या कामाचा दाखला बी माज्या नावानं दे. आणि त्या पाच जणांतले दोघं तरी संगट आण.

भाचा : आणि वरच्या मजल्याचं?

मामा : त्येला अजून वर्स-दीड वर्स हाय. धाकट्याचं लगीन ठरंल तवा करायचं. त्याचा कागद आजच कर येगळा.

भाच्याने दुसरं पान काढलं. वरच्या मजल्याचे पॉइंट मोजून लिहिले, दर मात्र लिहिले नाहीत, ते तेव्हाचे तेव्हा म्हणाला. खाली सहीची रेघ मारली आणि तिच्यावर काही न लिहिता कागद मामांच्या हातात दिला. मामांनी तो घडी घालून बोर्डाच्या पासबुकात ठेवला. भाचा निघाला तेव्हा सात वाजले होते, फोनवर पहिली ऑर्डर आली होती. बाइकला किक मारण्याआधी त्याने हत्यारांची पिशवी डिलिव्हरीच्या डब्यात बसते का ते बघितलं. बसत नव्हती. त्याने ती मामींकडे ठेवायला दिली.